गर्भातील देवघेव



जव्हार तालुक्यातील दाभोसा येथील धबधबा आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. मी तेथे साड्यांचे गठ्ठे घेऊन गेलो होतो. रांगेतील एका गर्भवती भगिनीचा कृश हात पाहून मी अस्वस्थ झालो, तेव्हा सोबतचे गृहस्थ म्हणाले, "मूल आईच्या अंगातून हवे ते घेतेच." माझाही समज तोच होता. तो अर्धाच खरा आहे, हे मी पुढे वाचले.

शास्त्रज्ञ डेव्हिड हेग यांनी १९९३ साली मांडले की, माता व गर्भ यांचे हित बहुतांशी एक असले तरी पूर्णतः एक नाही. गर्भातील निम्मी जनुके पित्याची असतात. मातेच्या देहाला मात्र पुढील अपत्यांसाठीही शक्ती राखावयाची असते. गिऱ्हाईक व दुकानदार, दोघांनाही सौदा हवा असतो, तरी भावावरून घासाघीस होतेच, तसेच हे. यात मातेच्या ममतेला उणेपणा नाही. वार मुख्यत्वे गर्भाच्या पेशींतून घडते. ती मातेच्या रक्तवाहिन्या रुंद करते, संप्रेरके सोडून इन्शुलिनचा प्रभाव घटविते, म्हणजे साखर गर्भास अधिक मिळते. माता जादा इन्शुलिन निर्माण करून तोल सांभाळते. तो न साधल्यास गरोदरपणातील मधुमेह उद्भवतो. गरोदरपणी वाढणाऱ्या रक्तदाबाचे मूळही हेग याच ओढाताणीत शोधतात.

परंतु ज्या पेढीत भांडवलच नाही, तेथे घासाघीस करून हाती काय लागणार? त्याच सुमारास पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी जवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास आरंभिला. गर्भधारणेपूर्वी त्यांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो, बाळांचे २.७ किलो. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. नवल असे की, आपल्या बाळांचे स्नायू व पोटातील अवयव लहान, चरबी मात्र त्या मानाने टिकून! पुढील आयुष्यातील मधुमेहाची बीजे येथेच असावीत, असे या संशोधकांचे मत आहे. ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे व दूध अधिक, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरली. नुसत्या पोटभर अन्नाने तसे दिसले नाही. (पालेभाजी आपण चातुर्मासात वर्ज्य करतो, त्या भगिनींना तो नियम नाही.)

शासनाने २०१५ साली सुरू केलेल्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील गर्भवतींना शेवटच्या तिमाहीत एक वेळच्या जेवणाची सोय आहे. साड्यांसाठी राखलेल्या रकमेतून आपण तिला दूध व फळांची जोड द्यावी, असे मी सुचवितो. मी कापडाचा व्यापारी, म्हणजे हे माझ्या धंद्याविरुद्धच बोलणे झाले. अंगणवाडी सेविकेकडून गर्भवतींची यादी मागवून हा विषय येत्या बैठकीत घ्यावा.