नजर आधी पायाकडे

कोल्हापूरकरांचा पेहराव पाहायचा तर संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभं राहावं. हातात धारोष्ण दुधाचा पेला, समोर अवघं गाव. तालमीतून आलेला, कान मोडलेला पैलवान, गळ्यात टॉवेल. कडक इस्त्रीची टोपी घातलेले आजोबा. नोकरीवरून परतणारी जीन्स-कुर्त्यातली मुलगी. तिघांच्या कपड्यांत काही मेळ नाही, पण नजर खाली न्या: पायताण बहुधा कोल्हापुरीच.

बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं या चपलेचं कातडं. तळ शिवायचा तोही चामड्याच्याच वादीनं. रुबाब हवा असेल तर चप्पल करकर वाजलीच पाहिजे, असं मानणारं हौशी गिऱ्हाईक अजून आहे. 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी 4 जिल्ह्यांना मिळून तिचं भौगोलिक मानांकन मिळालं. जून 2025 मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये अगदी तशाच चपला झळकल्या, तेही कोल्हापूरचं नाव न घेता. मग इथं संताप झाला, तो रास्तच!

नवी जोडी सुरुवातीला चावते, तेल लावून मऊ करावी लागते. भिजली की मात्र बिघडते. त्यामुळे ऐन पावसाळ्यात अस्सल कोल्हापूरकराच्या पायातही रबरी चप्पल दिसेल.