न निवडता ऐकलेले

आकाशवाणीच्या संगीताविषयी आपण पुष्कळ ऐकतो. तिच्या बोलण्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. वस्तुतः एखाद्या केंद्राचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा कार्यक्रम समोर ठेवला, तर गाण्यांच्या मधूनमधून बोलण्याचा केवढा मोठा संसार मांडलेला दिसतो! बातम्या, शेतीचा सल्ला, वैद्यांची मुलाखत, श्रुतिका, संसदेचा आढावा, बाजारभाव, हवामान, आणि आज माझ्याकडे सोपविले आहे तसले एखादे भाषण. हे सारे एकाच श्रोत्यासाठी योजिलेले नसते. पण ऐकणारा पुष्कळदा एकच असतो. रेडिओ एकदा लावला की तो लावलेलाच राहतो, आणि ज्यांच्याशी आपला काडीचाही संबंध नाही अशा गोष्टी कानांवर पडत राहतात. त्या न मागितलेल्या गोष्टींविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

रायपूरच्या मराठी माणसाला ही सवय परिस्थितीनेच लावली. १९५६ पर्यंत हे शहर ज्या मध्यप्रदेशात होते, त्याची राजधानी नागपूर. तेथील केंद्र १९४८ च्या जुलैमध्ये सुरू झाले आणि ते मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांतून बोलू लागले. रायपूरला स्वतःचे केंद्र मिळाले ते २ ऑक्टोबर १९६३ रोजी. पुढे येथील मराठी घरात एकाच दिवसात किती भाषा येऊन जात! दिल्लीहून मराठी बातम्या, रायपूरहून हिंदी, संध्याकाळी छत्तीसगढी, आणि १९७४ पासून संस्कृत वार्ताही. संस्कृत बातम्या समजून ऐकणारे थोडे. पण पंतप्रधानांच्या दौऱ्याची वार्ता त्या भाषेत ऐकताना ओळखीचा शब्द सापडला की होणारा आनंद लहान मुलांनाही ठाऊक होता.

धिम्या गतीच्या बातम्या हा आणखी एक चमत्कारिक प्रकार. निवेदक एकेक वाक्य सावकाश, विरामचिन्हांसह सांगे. ज्यांना वृत्तसंस्थेची तार परवडत नसे अशा छोट्या वृत्तपत्रांनी ती उतरून घ्यावी, हा हेतू. सामान्य श्रोत्याला हे बोलणे कंटाळवाणे वाटे. पण आपण कंटाळत असताना कोठे तरी, कोणी तरी, कागद-पेन्सिल घेऊन बसले आहे, एवढी जाणीव त्या संथपणातून सहज होत असे.

ग्रामीण कार्यक्रमांची गोष्ट याहून मोठी आहे. रायपूर केंद्रावरून 'बरसाती भैया' या नावाने छत्तीसगढीत बोलणारे निवेदक घरोघरी परिचित झाले होते. धानाची रोपणी, कीड, खत यांविषयी ते बोलत. त्यांचा श्रोता खेड्यातला. पण शहरातल्या मंडळींनाही त्यांच्या बोलण्याची गोडी लागली. महाराष्ट्रात १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला होता. पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापिली गेली. लोकांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावे, अशी ती योजना. प्रश्न उलट पाठविण्याची ही सोय मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सरकारी नोकरीत परिपत्रके लिहिण्यात आयुष्य चालले आहे, म्हणून सांगतो: परिपत्रक वाचणारा माणूस उलट बोलत नाही, आणि त्यामुळेच परिपत्रकाची भाषा बिघडते. रेडिओवर बोलणाऱ्याला ही चैन परवडत नाही. ऐकणाऱ्याला पान उलटून मागे जाता येत नाही. वाक्य लांबले की तो गेला!

आता मला विशेष सांगावयाचे ते एका अगदी लहान कार्यक्रमाविषयी. २०१७ साली रायपूर केंद्राने 'हमर हाथी हमर गोठ' या नावाचे एक वार्तापत्र सुरू केले. 'गोठ' हा छत्तीसगढी शब्द आपल्या 'गोष्टी'चाच सख्खा भाऊ. वनखात्याकडून आलेली माहिती त्यात सांगितली जाई: हत्तींचा कळप आज कोणत्या वनक्षेत्रात आहे, कोणत्या गावांच्या जवळ आहे, लोकांनी काय काळजी घ्यावी. गेल्या शतकाच्या अखेरीपासून झारखंड व ओडिशाच्या बाजूने हत्ती सरगुजा, जशपूर, कोरबा, रायगढ या भागांत येऊ लागले आणि पुढे महासमुंदपर्यंत पोहोचले. घरात साठविलेले धान आणि मोहाची फुले यांच्या वासाने ते वस्तीत शिरतात. अंधार पडताच त्यांची हालचाल वाढते. म्हणून सांगणे संध्याकाळपूर्वीचे. रानात जेथे दूरध्वनीची खूणही मिळत नाही, तेथे बॅटरीवर चालणारा साधा रेडिओ बोलू शकतो. अशा वेळी 'भाषण' या शब्दाला निराळाच अर्थ येतो. एका वाक्याने एक कुटुंब रात्री कच्च्या घरातून उठून शेजाऱ्याच्या पक्क्या घरात जाते.

ज्याच्या दारी हत्ती येतो, त्याने हे ऐकावे हे उघडच आहे. माझा प्रश्न दुसरा आहे. आमच्या पंडरीच्या कापडबाजारातील दुकानदाराने ते का ऐकावे? महासमुंद येथून जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर. लग्नसराईत लुगडी आणि धोतरे घ्यावयास त्या बाजूची माणसे याच बाजारात येतात. पंडरीचे जुने बसस्थानक २०२१ मध्ये भाठागावला हलले, तरी गिऱ्हाईक यावयाचे थांबले नाही. उधारी उशिरा फेडणाऱ्या गिऱ्हाइकाचे पीक हत्तींनी तुडविले, हे दुकानदाराला आधीच ठाऊक असेल, तर तगादा करताना त्याचा स्वर थोडा तरी खाली येईल. हा हिशेब कोणत्याही खतावणीत सापडत नाही.

हल्ली ज्याला जे हवे तेच ऐकावयाची सोय झाली आहे. आकाशवाणीही खिशातल्या दूरध्वनीवर ऐकू येते. मला या सोयीचे वावडे नाही. रात्री जुन्या श्रुतिका मीही शोधून ऐकतो. परंतु शोधणारा माणूस आपल्याला ठाऊक असलेलेच शोधतो. हत्तींची वार्ता पंडरीत कोण शोधणार? म्हणून केंद्रांच्या कार्यक्रम-अधिकाऱ्यांस माझी एक व्यवहारी सूचना आहे. अशी पाच मिनिटांची बोलणी दिवसाच्या कोपऱ्यात एकत्र ढकलून देऊ नयेत. दोन लोकप्रिय गाण्यांच्या मध्ये, ठरलेल्या वेळी, ती ठेवावीत. म्हणजे दुसऱ्या गाण्याच्या आशेने थांबलेला श्रोता तेवढा वेळ रेडिओ बंद करणार नाही.