गहाणखताआधी चौकशी
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत झालेले भाषण)



मुलगा पदवीधर झाला आणि पुढील शिक्षणास परदेशी जातो म्हणू लागला. बाप विचारतो, “पैका कोठून आणावयाचा?” मुलगा म्हणतो, “रान गहाण टाका.” अशा आईबापांशीच मला आज बोलावयाचे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते रान गहाण टाकून नव्हे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांस दरमहा ११॥ पौंडांची ३ वर्षांची शिष्यवृत्ती दिली. फुकट नव्हे हो! परत येऊन १० वर्षे संस्थानची नोकरी करीन, असा करार होता. १९१५ साली ते एम. ए. झाले, १९१६ साली लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. एवढा बुद्धिमान पुरुष, त्यासही पैशाने अडविले! मग मुंबईस सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून शिल्लक टाकली, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, तेव्हा १९२० साली पुन्हा लंडन गाठता आले. डी. एस्सी. मिळाली १९२३ साली.

तेव्हा शिष्यवृत्ती किती वर्षांची, शिक्षण किती वर्षांचे, आणि कागदावर सही कशाखाली करावयाची, हे घर सोडण्याआधी पाहावे. दलाल हे सांगणार नाही. त्यास त्याची दलाली दिसते. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे तो मोठ्याने सांगतो. पण व्हिसासाठी वर्षाच्या पोटापाण्याची रक्कम आधी बँकेत दाखवावी लागते, आणि ती २०२४ साली ११,९०४ युरो झाली, हे हळूच सांगतो.

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर व परंपरागत कारागीर यांच्या मुलांकरिता आहे. पदवीस ६० टक्के गुण, वय ३५ च्या आत, घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत. २०२१-२२ पासून जागा १२५ झाल्या. त्यांत शेतमजूर व कारागीर मिळून किती? ४! अख्ख्या देशात ४. हा हिशेब सरकारास विचारलाच पाहिजे, पण तोवर अर्ज न करता बसू नये. महाराष्ट्र सरकारच्याही निरनिराळ्या योजना आहेत. एकीस राजर्षी शाहू महाराजांचेच नाव आहे.

तिकडील वर्ष बहुधा आपल्या भाद्रपदाच्या सुमारास सुरू होते. म्हणून आदल्या दिवाळीपर्यंत पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा व गुरुजनांची पत्रे तयार असावीत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला त्याहून आधी मागावा. कचेरीची चाल आपणांस ठाऊक आहेच.

आणि हो, त्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीत शेकडा ३० जागा मुलींकरिता राखून ठेवल्या आहेत. मी ‘मुलगा’ म्हणालो तेथे ‘मुलगी’ही ऐकावे.