एर्दिगच्या वाड्यातील कागद

जुन्या जमीनदार घराण्याच्या कागदपत्रांचे गाठोडे सोडले, की त्यातून प्रथम हाती येतात ती खरेदीखते, वाटण्यांचे लेख, मृत्युपत्रे आणि कर्जरोखे. हे कागद जपले जातात ते इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. जमीन आपली आहे हे उद्या कोणी विचारले तर दाखविता यावे, एवढाच त्यामागचा हेतू असतो. त्यामुळे अशा दप्तरात मालक ठळकपणे दिसतात आणि त्यांच्या घरात पाणी भरणारी, चुली पेटविणारी, घोडे चोळणारी माणसे दिसत नाहीत. दिसलीच तर पगाराच्या वहीतील एका ओळीपुरती. ग्रेट ब्रिटनच्या पश्चिम अंगाला असलेल्या वेल्समधील एका घराण्याचे दप्तर मात्र या सर्वसाधारण नियमाला बऱ्याच अंशी अपवाद ठरले आहे. ते घराणे यॉर्क यांचे आणि त्यांचा वाडा एर्दिगचा.

इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेजवळ रेक्सम नावाचे गाव आहे. त्याच्या दक्षिणेला एका उंचवट्यावर हा वाडा उभा आहे. तो बांधण्यास १६८४ मध्ये आरंभ झाला. बांधणारा जोशुआ एडिसबरी हा डेनबीशर परगण्याचा शेरीफ होता. मान मोठा आणि मिळकत बेताची असलेल्या माणसाला मोठे घर बांधण्याची हौस असावी, हे काही वेल्सपुरतेच घडते असे नाही. एडिसबरीने कर्ज काढले, त्यावर आणखी कर्ज काढले, आणि अखेर घर पुरे झाले तरी ते राखण्याची ऐपत त्याच्यापाशी उरली नाही.

या एडिसबरीच्या कागदांतील एक धागा थेट भारताच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो. एर्दिगच्या शेजारीच येल नावाच्या कुटुंबाचे घर होते. त्या कुटुंबातील एलिहू येल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासला आला आणि १६८७ ते १६९२ या काळात तेथील फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर होता. अमेरिकेतील येल विद्यापीठाला ज्याचे नाव मिळाले तो हाच. त्याने १६८२ मध्ये मद्रासहून आपल्या शेजारमित्राला लाखकामाचा एक घडीचा पडदा भेट म्हणून धाडला. असे पडदे घडत चीनमध्ये. पण ते युरोपला जात भारताच्या पूर्व किनाऱ्यावरून, म्हणून त्यांना कोरोमांडल हे नाव पडले. तो पडदा आजही एर्दिगमध्ये आहे. पण पडदा धाडणारा हा मित्र पुढे घेणेकऱ्यांच्या यादीतही दिसतो. भेट आली तेव्हाचा स्नेह आणि कर्ज मागितले गेले तेव्हाचा रोखठोकपणा यांची साक्ष एकाच घरात राहिली.

एडिसबरी बुडाला आणि अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जॉन मेलर या लंडनच्या श्रीमंत वकिलाने ही मिळकत घेतली. चॅन्सरी न्यायालयात तो मास्टर या हुद्द्यावर होता. त्याने वाड्याला दोन बाजू वाढविल्या आणि उंची सामान भरले. मेलर अविवाहित होता. १७३३ मध्ये तो वारला तेव्हा सारी मिळकत त्याचा भाचा सायमन यॉर्क याच्याकडे गेली. तेथून पुढे २४० वर्षे वाडा यॉर्कांकडे होता. या काळातील प्रत्येक धन्याचे नाव एक तर सायमन होते, नाही तर फिलिप. त्यामुळे एखाद्या पत्राखाली नुसती सही पाहून ते कोणत्या सायमनचे वा कोणत्या फिलिपचे, याचा निवाडा अभ्यासकाला तारखेवरूनच करावा लागतो.

यॉर्क हे फार मोठे सरदार नव्हते. काहीही टाकून द्यायचे नाही हा त्या घराचा स्वभाव होता. पडदे विरले तरी ते ठेवले. खुर्च्या मोडल्या तरी त्या माळ्यावर गेल्या. आणि पत्रे, बिले, दैनंदिन्या, पाककृती हे सारे खणांत आणि पेट्यांत साठत गेले. वाड्यातील वस्तूंची गणती पुढे झाली तेव्हा ती ३०,००० च्या घरात गेली. ही साठवणूक निव्वळ काटकसरीची असती तर तिचे एवढे अप्रूप वाटले नसते. परंतु तिच्या जोडीला या घराण्यात आणखी एक चाल पडली होती. ती म्हणजे नोकरांची चित्रे काढून घेण्याची आणि त्यांच्यावर कविता रचण्याची.

ही चाल पाडली ती पहिल्या फिलिप यॉर्कने. तो १७४३ मध्ये जन्मला आणि १८०४ मध्ये वारला. वेल्समधील जुन्या राजकुळांच्या वंशावळींवर त्याने लिहिलेला ग्रंथ १७९९ मध्ये प्रसिद्ध झाला. जो माणूस राजांच्या वंशावळी जुळवीत होता, त्यानेच १७९१ पासून पुढच्या काही वर्षांत डेनबीच्या जॉन वॉल्टर्स या चितारीकडून आपल्या घरचा लोहार, सुतार, खाटीक, शिकारखात्यावरील रखवालदार, मुदपाकखान्यातील हमाल आणि जेन एब्रेल नावाची जुनी मोलकरीण यांची तैलचित्रे करवून घेतली. जेनचे चित्र १७९३ चे आहे आणि तेव्हा तिचे वय होते ८७. हातात झाडणी घेतलेली ही वृद्धा चित्रातून सरळ पाहणाऱ्याकडे बघते. प्रत्येक चित्रावर फिलिपने स्वतः रचलेली पद्ये लिहिली आहेत. ती काव्य म्हणून थोर नाहीत. यमकांची ओढाताण फार आहे. पण माणूस कोठे जन्मला, कोणत्या कामावरून कोणत्या कामावर गेला, त्याचा स्वभाव कसा होता, हे त्यांत आहे. त्या काळी इतर घरांतील जेनसारख्या मोलकरणी कबरीवर दगडसुद्धा न लागता नाहीशा झाल्या.

फिलिपनंतरच्या पिढ्यांनी ही चाल सोडली नाही. १८३० च्या सुमारास आणखी काही चित्रे झाली. पुढे छायाचित्रणाची कला निघाली, तेव्हा १८५२ मध्ये नोकरमंडळींना वाड्यासमोर उभे करून त्यांचे चित्र घेण्यात आले. त्यात प्रत्येकाच्या हाती आपापल्या कामाचे हत्यार आहे. दुसऱ्या फिलिपने छायाचित्रांनाही पद्यांची जोड दिली.

येथवर ऐकणाऱ्याला वाटेल, की हे घर म्हणजे धनी आणि चाकर यांच्या प्रेमाचा आदर्शच. एर्दिगविषयी असे पुष्कळांनी म्हटलेही आहे. पण कागद जपण्याच्या सवयीची गंमत अशी, की तीत सोयीचे तेवढेच राहते असे नाही, गैरसोयीचेही राहते.

बेटी रॅटक्लिफ हिचे उदाहरण घ्यावे. ही चेस्टरच्या एका घड्याळजीची मुलगी. पहिल्या फिलिपची आई डॉरोथी हिच्या तैनातीला ती होती. तिच्या बोटांत विलक्षण कसब होते. मोत्याच्या शिंपल्याचे तुकडे, अभ्रक आणि काच यांतून तिने चिनी पॅगोडाची प्रतिकृती केली. सीरियातील पाल्मायरा या प्राचीन नगराचे भग्न मंदिर तिने ते कधी न पाहता केवळ छापील चित्रांवरून उभे केले. या दोन्ही कृती आजही वाड्यात काचेच्या पेटीत आहेत. तरुण फिलिपला तिचे कौतुक होते आणि तो तिच्याकडून चित्रे काढवून घेई. त्यावर त्याच्या आईने त्याला पत्र लिहिले. निदान एक वर्षभर तरी बेटीला असले काम सांगू नकोस, चित्रे काढू लागली की ती माझ्या कामाची राहत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. आईचे म्हणणे तिच्या दृष्टीने रास्तच होते. तिला केस विंचरणारी आणि कपडे शिवणारी बाई हवी होती. कलावती नको होती. परंतु त्या एका पत्रामुळे काचेच्या पेटीतील पॅगोडाकडे पाहण्याची दृष्टीच पालटते. तो घडला तो फुरसतीत नव्हे, तर दुसऱ्याच्या मालकीच्या वेळातून चोरलेल्या घटकांत.

दुसरी हकीकत विसाव्या शतकातील आहे. दुसऱ्या फिलिपची पत्नी लुइसा १९०२ मध्ये लग्न होऊन वाड्यात आली. ती नेमाने दैनंदिनी लिही. तिच्या पदरी एक स्वयंपाकीण होती आणि घराचा कारभारही तीच पाही. वाण्याउदम्यांची बिले भागविण्यासाठी दिलेली रोकड हिने खाल्ली, असा आरोप ठेवून १९०७ मध्ये तिला न्यायालयात उभे करण्यात आले. पंचांनी तिला निर्दोष ठरविले. धनीणबाईच्या दैनंदिनीत मात्र तिचा उल्लेख चोर असाच राहिला. न्यायालयाचा निकाल एकीकडे आणि घराची स्मृती दुसरीकडे, असा हा प्रकार आहे. ज्या घराने मोलकरणींवर कविता लिहिल्या, त्याच घरात लेखणी कोणाच्या हाती होती, हे येथे स्पष्ट होते. त्या बाईने दैनंदिनी लिहिली असती तर तीत काय असते, हे त्या पेट्यांतून मिळत नाही.

आणि एक चित्र तर असे आहे, की त्याच्यापुढे ती पद्येही अडखळतात. लाल-निळ्या गणवेशातील, हातात शिंग घेतलेला एक कृष्णवर्णीय मुलगा त्यात आहे. मेलरच्या काळातील गाडीवरचा हा पोऱ्या असे परंपरेने मानले जाते. पहिल्या फिलिपने त्याच्यावरही पद्ये लिहिली, पण या मुलाविषयी आपणास फारसे ठाऊक नाही, अशी कबुली त्याला त्यात द्यावी लागली. वाड्यातील पलंग कोणी घडविला आणि आरसे कोठून आणले याची बिले सापडतात. तो मुलगा कोठून आणला गेला, हे त्यालाही सांगता आले नाही.

या दप्तरावर जी पुस्तके झाली त्यांपैकी दोन शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिले अल्बिनिया कस्ट या लेखिकेचे १९१४ मधील दोन खंडांचे पुस्तक. त्यात एडिसबरी, मेलर आणि यॉर्क यांची पत्रे आहेत आणि त्यांतून घराण्याची कथा उभी राहते. दुसरे मर्लिन वॉटर्सन यांचे, १९८० मध्ये निघालेले. त्याचे नावच नोकरांच्या दालनावरून घेतलेले आहे आणि त्यात कथा आहे ती नोकरांची. त्या ६६ वर्षांत वाडा बदलला नव्हता. प्रथमपासून पेट्यांत पडून असलेली पगाराची वही, मोलकरणीबद्दलची तक्रार आणि सुताराचे बिल यांना मात्र वाचक मिळाला. आधीच्या कोणा यॉर्कने ही रद्दी म्हणून शेकोटीत घातली असती, तर दुसरे पुस्तक लिहिताच आले नसते.

तसे होण्याचा प्रसंग अगदी जवळ येऊन ठेपला होता. पहिल्या महायुद्धानंतर उत्पन्न घटले आणि नोकर मिळेनासे झाले. चौथा सायमन एकलकोंडा. त्याने वाड्यात ना वीज घेतली ना टेलिफोन. वाड्याखाली बर्शमच्या खाणीचे कोळशाचे थर होते. १९४७ मध्ये खाणी राष्ट्राच्या झाल्या आणि पुढे ऐन घराखालून कोळसा निघू लागला. जमीन खचली, वाड्याची एक बाजू सुमारे पाच फूट खाली गेली. छप्पर फाटले, पावसाचे पाणी उंची पलंगावर ठिबकू लागले. १९६६ मध्ये सायमन वारला आणि त्याचा धाकटा भाऊ फिलिप हा या पडक्या वैभवाचा धनी झाला. हा एके काळचा नाटकवाला, अविवाहित आणि मनस्वी. हिरवळ कापायला माणसे नाहीत म्हणून त्याने तेथे मेंढ्या चरायला सोडल्या.

घर विकून पैसा करणे त्याला अशक्य नव्हते. त्याने १९७३ मध्ये ते नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकले. अट एकच घातली, की येथील कोणतीही वस्तू हलवावयाची नाही. ट्रस्टने कोळसा मंडळाकडून १,२०,००० पौंडांची भरपाई मिळविली, पाया सावरला आणि १९७७ मध्ये वाडा लोकांना खुला केला. घराण्याची कागदपत्रे हावर्डन येथील फ्लिंटशरच्या दप्तरखान्यात ठेवण्यात आली. फिलिप पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, वारला. त्याच्याबरोबर एर्दिगच्या धन्यांची परंपरा संपली.

वाडा लोकांना दाखविताना ट्रस्टने एक गोष्ट विचारपूर्वक केली. पाहुण्याला दर्शनी दरवाजाने आत घेतले नाही. तो प्रथम सुताराच्या अंगणात येतो, तबेले पाहतो, धुण्याच्या खोलीतून आणि मुदपाकखान्यातून जातो, आणि मग त्याला दिवाणखाना लागतो. याच वाटेवर नोकरांचे दालन आहे. तेथील भिंतीवर लोहार आहे, सुतार आहे, हातात झाडणी घेतलेली ८७ वर्षांची जेन एब्रेल आहे. आणि तो शिंगवाला मुलगाही आहे.