पावलाचे वळण



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले, तेव्हा आम्ही प्रथम नाहीच म्हटले होते. या व्यासपीठावर इतिहास, वाङ्मय, अर्थकारण अशा विषयांवर अधिकाराने बोलणारी मंडळी येतात. आम्ही वैद्य नाही, की समाजसेवक नाही. आमचा अधिकार एवढाच की, आमचा मुलगा दोन्ही पाय वाकडे घेऊन जन्मास आला. ते पाय सरळ व्हावेत आणि सरळ झालेले तसेच राहावेत म्हणून घरात जे करावे लागते, ते आम्हां उभयतांच्या हातून घडले. काही काळ ते घडले नाही, आणि त्याचे फळही आम्ही पाहिले. चालक म्हणाले, "मग तेच सांगा." म्हणून आज उभे राहिलो आहोत.

या व्यंगास डॉक्टर 'क्लबफूट' म्हणतात. पाऊल आतल्या बाजूस वळलेले, टाच वर ओढलेली, तळव्याची कमान खोल आणि दोन्ही तळवे एकमेकांकडे तोंड करून असलेले, असे त्याचे रूप असते. हजार जन्मांमागे साधारण एका-दोघा मुलांत ते आढळते. मुलींपेक्षा मुलांत त्याचे प्रमाण सुमारे दुप्पट असते, आणि जवळजवळ निम्म्या मुलांचे दोन्ही पाय असे असतात. यात हाड मोडलेले नसते. घोट्याच्या आतल्या आणि मागल्या बाजूचे बंध आखूड व ताठर असतात, आणि त्यांच्या ओढीने पावलातील लहान हाडे आपली जागा सोडून आत फिरलेली असतात. गर्भात अवघडून राहिल्यामुळेही एखाद्या बाळाचे पाऊल वाकडे दिसते. पण ते हलक्या हाताने सहज सरळ होते. क्लबफूट तसे वळत नाही. मात्र हा निवाडा डॉक्टरांनी करावयाचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नव्हे.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट आधी सांगून टाकतो. बाळाला पाहावयास आलेल्या बायकांनी पाळण्यात डोकावून पाहिले, क्षणभर थांबल्या, आणि बाळाच्या आईला विचारले, "ग्रहण पाळले होतेस ना? विळी हातात धरली नव्हतीस ना?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हते, काही जणींच्या डोळ्यांत पाणी होते. परंतु दहा दिवसांच्या बाळंतिणीला तो प्रश्न नव्हे, निकाल वाटला. ती रात्र-रात्र आठवीत बसे की, त्या दिवशी आपण काय चिरले, काय शिवले.

श्रोतेहो, ग्रहण लागते ते एका घरावर लागत नाही. एकाच वेळी लक्षावधी गरोदर स्त्रियांच्या डोक्यावरून ते जाते. मग पाय वाकडा होतो तो हजारात एखाद्याच बाळाचा का? आणि ज्या देशांत ग्रहण पाळण्याची कल्पनाही नाही, तेथेही अशी मुले जन्मतातच. या व्यंगाचे नेमके कारण शास्त्राला अजून सापडलेले नाही. काही घराण्यांत ते पुन्हा पुन्हा दिसते, एवढे खरे. पण आईच्या उठण्या-बसण्याने, चिरण्या-शिवण्याने ते होत नाही, हेही तितकेच खरे. या दोषारोपाने नुसते मन दुखावत नाही, बाळाचे प्रत्यक्ष नुकसान होते. जी आई स्वतःला अपराधी समजते, ती बाळाचे पाय दुपट्यात झाकून ठेवते. आणि झाकलेल्या पायावर उपचार होत नाहीत.

दुसरा धोका मायेचा. आमच्याकडे बाळाला तेल लावावयास येणारी बाई मोठी अनुभवी. तिने पाऊल हातात घेतले आणि म्हणाली, "रोज चोळून दाबून महिनाभरात सरळ करते." आमच्या मातोश्रींनाही ते पटले. परंतु बाळाचे पाऊल बहुतांशी कूर्चेचे, म्हणजे मऊ हाडाचे असते. ते नुसते बाहेर दाबले तर आतली वळलेली हाडे जागच्या जागी राहतात आणि भलतीकडेच ताण पडतो. वळण कोठून सोडवावयाचे, हे ठाऊक असलेलाच हात त्यास लागावा लागतो.

ही विद्या जुनी आहे, आणि आश्चर्य असे की मध्यंतरी ती मागे पडली होती. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे की, असे पाऊल लवकर हाती घ्यावे, मेणाची आकृती घडवावी तसे हळूहळू वळवावे आणि पट्ट्यांनी बांधून ठेवावे. पुढे शस्त्रक्रियेचे युग आले. विसाव्या शतकात पाऊल उघडून आखूड बंध कापावयाचे, अशा मोठ्या शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागल्या. पाय दिसावयास सरळ होत, पण वयाबरोबर ते ताठर आणि दुखरे बनत.

हे ज्यांनी नीट पाहिले, ते डॉक्टर इग्नासिओ पोन्सेती. त्यांचा जन्म १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर, एका घड्याळजीच्या घरी झाला. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमी सैनिकांची मोडलेली हाडे सांधली. आपला पक्ष हरल्यावर जखमींना घेऊन ते डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये गेले, तेथून मेक्सिकोस आणि १९४१ साली अमेरिकेतील आयोवा येथे. तेथे त्यांनी जुन्या शस्त्रक्रियांचे रोगी तपासले आणि ते पाय किती ताठर झाले आहेत हे पाहिले. मग पावलातील सांध्यांचा अभ्यास करून, न कापता पाऊल टप्प्याटप्प्याने फिरविण्याची पद्धत त्यांनी बसविली. १९६३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण जगाने फारसे लक्ष दिले नाही. १९९५ साली त्यांच्या जुन्या रोग्यांची तीस वर्षांनंतरची पाहणी प्रसिद्ध झाली आणि बहुतेकांचे पाय उत्तम चालत असल्याचे दिसले, तेव्हा कोठे डोळे उघडले. तिच्या प्रसाराचे श्रेय डॉक्टरांइतकेच मुलांच्या आईबापांकडे जाते. त्यांनी एकमेकांस कळवून ही पद्धत देशोदेशी मागून घेतली. २००९ साली पोन्सेती वारले. आज ही पद्धत जगभर प्रमाण मानली जाते.

आता घरची हकीकत. आमचे बाळ बारा दिवसांचे असताना पहिले प्लॅस्टर झाले. डॉक्टर पाऊल हातात धरून, घोट्याच्या हाडाला अंगठ्याने टेका देऊन, पाऊल हळूहळू फिरवीत आणि बोटांपासून मांडीपर्यंत प्लॅस्टर गुंडाळीत. त्या वेळी बाळ रडू नये म्हणून आईने त्यास दूध पाजीत बसावयाचे. पहिले प्लॅस्टर निघाले तेव्हा आमच्या पोटात गोळा आला, कारण पाऊल आधीपेक्षाही वळलेले दिसत होते. डॉक्टर हसून म्हणाले, "तसेच दिसायला हवे. आधी कमान सोडवायची, मग पाऊल बाहेर न्यायचे, आणि टाच सर्वांत शेवटी." या क्रमातच सारे मर्म आहे.

दर आठवड्याला नवे प्लॅस्टर. साधारण पाच ते सात लागतात. आम्हांस सहा लागली. जुने भिजवून काढावयाचे आणि नवे घालण्यापूर्वीच्या अर्ध्या-पाऊण तासात बाळाचे पाय धुवावयाचे. त्या कोमट पाण्यात पाय लागताच बाळाच्या चेहऱ्यावर जे सुख दिसे, त्यासाठी आम्ही आठवडाभर वाट पाहत असू. एरवी अंग ओल्या फडक्याने पुसावयाचे. दिवसातून अनेकदा बाळाची बोटे दाबून पाहावयाची: दाबली की पांढरी आणि सोडली की लगेच गुलाबी झाली पाहिजेत. बोटे निळी पडली, सुजली, किंवा प्लॅस्टरात आत सरकून दिसेनाशी झाली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावयाचा. हे आम्ही भिंतीवर कागद लावून लिहून ठेवले होते.

शेवटी टाच खाली येण्यासाठी टाचेमागची शीर कापावी लागते. शब्द भयंकर आहे, पण गोष्ट लहान. बहुतेक मुलांना ती लागतेच. जागा बधिर करून सूक्ष्म छेद घेतात, टाकाही लागत नाही, आणि तीन आठवड्यांच्या प्लॅस्टरात ती शीर वाढीव लांबीने पुन्हा जुळून येते. हे प्लॅस्टर निघाले त्या दिवशी दोन सरळ गुलाबी पावले समोर होती. आम्ही पेढे वाटले.

श्रोतेहो, आम्ही पेढे फार लवकर वाटले.

डॉक्टरांचे काम दोन-अडीच महिन्यांत बहुतेक संपते. घराचे काम तेथे सुरू होते, आणि ते चार वर्षे चालते. पावलाची जुनी ओढ सहजासहजी जात नाही. म्हणून एका पट्टीला जोडलेले दोन बूट, बोटे बाहेरच्या बाजूस वळविलेली, असे साधन देतात. पहिले तीन महिने दिवसातून २३ तास. नंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, मिळून १२ ते १४ तास, मूल चार वर्षांचे होईपर्यंत. पहिल्या दोन-तीन रात्री बाळ रडले. एक पाय हलविला की दुसराही हलतो, हे त्यास उमगेना. मग आम्हीच पट्टी धरून दोन्ही पाय एकदम वर-खाली करण्याचा खेळ शिकविला. चौथ्या दिवशी ते आपले आपण पट्टी आपटून हसू लागले.

दीड वर्षे हे सुरळीत चालले. मूल चालू लागले, धावू लागले. मग मे महिन्यात गावी लग्न निघाले. बूट आम्ही घरीच ठेवले. उकाडा आहे, प्रवास आहे, असे एकमेकांस सांगितले. खरे कारण ते नव्हते. लग्नघरात चारचौघांनी ते बूट पाहावेत आणि पुन्हा 'ग्रहण पाळले होते का' हा प्रश्न निघावा, हे आम्हांस नको होते. आम्हांस लाज वाटली. परत आल्यावर मुलास ताप आला. मग बूट लहान झाले होते. नवे मागवावयास आठ दिवस लागले. असा दीड महिना गेला. एके दिवशी मूल अंगणात गोट्या वेचावयास उकिडवे बसू गेले आणि मागे पडले. टाच जमिनीला टेकत नव्हती.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी पाऊल वळवून पाहिले आणि एवढेच विचारले, "रात्री बूट घालता ना?" आम्हां दोघांपैकी कोणीही उत्तर दिले नाही. पुन्हा तीन प्लॅस्टरे झाली. या वेळी मूल बोलत होते, आणि "मला का?" असे विचारीत होते. आईबापांच्या लाजेची किंमत मुलाचे पाऊल देते, हे आम्ही त्या तीन आठवड्यांत शिकलो. त्यानंतर चौथा वाढदिवस होईपर्यंत एकही रात्र चुकली नाही. प्रवासात पिशवीत प्रथम बूट पडत, मग कपडे. कोणी विचारले तर आम्ही मुलाचे पाय झाकले नाहीत, काय आहे ते सांगितले. आणि त्यातूनच दोन घरांतील बाळे वेळेवर दवाखान्यात गेली.

आज आमचा मुलगा सात वर्षांचा आहे. पोटऱ्या जरा बारीक आहेत. एरवी लगोरी खेळताना तो कोणास हटत नाही. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगमध्ये सुवर्णपदक जिंकणारी अमेरिकेची क्रिस्टी यामागुची हीदेखील अशीच पावले घेऊन जन्मली होती, हे त्यास फार आवडते.

आपणांस एवढीच विनंती. कोणाच्या पाळण्यात असे पाऊल दिसले, तर प्रश्न विचारू नका, पत्ता सांगा. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांतच उपचार सुरू झाला, तर तो सर्वांत सोपा जातो. उशीर झाला असेल तरी दार बंद होत नाही. २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे. तेव्हा खर्चाच्या भीतीने कोणी घरी बसू नये. सरकारी दवाखान्यात चौकशी करावी.

मुलाला वळण लावावे, असे आपण नेहमी म्हणतो. आमच्या मुलाच्या पावलाचे जन्मजात वळण डॉक्टरांनी सहा आठवड्यांत काढले. रोज रात्री न चुकता दोन बूट बांधण्याचे वळण आम्हांस लागावयास मात्र दोन वर्षे लागली. ते आपणांस लवकर लागो, एवढे म्हणून आम्ही आपली रजा घेतो.