पठारावरची खानावळ

श्रोतेहो, आज तुम्हांला एके ठिकाणी जेवायला न्यायचे आहे. ठिकाण लांब आहे, आणि तिथे एका माणसाच्या एका वेळच्या जेवणाला आपले दहा हजार रुपये गाठीला बांधून नेले तरी पुरायचे नाहीत. तेव्हा दिवसभर शेतात राबून संध्याकाळी भाकरीबरोबर कांदा फोडणाऱ्या माणसाला हे कशाला ऐकवता, असे कुणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. पण ही गोष्ट पैसेवाल्यांची थोडी आणि एका खेड्याची जास्त आहे. आणि गुरुजी मंडळींना तर तिच्यात स्वतःचीच एक गोष्ट ऐकू येईल, असा माझा होरा आहे.

फ्रान्स देशाच्या दक्षिण भागात आव्हेरों नावाचा जिल्हा आहे. त्यात ओब्राक नावाचे पठार. उंची हजार-बाराशे मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून थोडी कमीच म्हणा. पण थंडी अशी की हिवाळ्यात सगळीकडे बर्फ. झाडी विरळ, जमीन दगडाळ, गवत मात्र रगड. मग अशा मुलखात माणूस काय करणार? गुरे पाळणार. तिथल्या गाई पिंगट रंगाच्या, शिंगे डौलदार, आणि डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड. मे महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास खालच्या गावांतली खिल्लारे पठारावर चढतात. त्या दिवशी गाईंच्या शिंगांना फुले-पताका बांधतात, गळ्यात मोठाल्या घंटा घालतात, आणि सगळा गाव रस्त्यावर उभा राहून पाहतो. आपल्या पोळ्याची आठवण होईल असाच थाट. फरक इतकाच की तिथे मान गाईचा.

जमीन अशी, म्हणून माणसे पोटासाठी राजधानी पॅरिसला जात. आधी पाणी वाहिले, कोळसा वाहिला, मग कोळशाच्या दुकानातच दोन खुर्च्या टाकून पेये विकू लागले, आणि पुढे पॅरिसमधली कितीतरी कॉफीगृहे याच मुलखातल्या लोकांच्या हाती आली. कोकणातून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांना हे वेगळे सांगायला नको.

या पठारावर एक गाव आहे. लिहितात लागिओल, पण गावचे लोक म्हणतात लायोल. खिशातल्या घडीच्या सुऱ्यांसाठी आणि चीजसाठी ते प्रसिद्ध आहे. त्या गावात ब्रास नावाच्या कुटुंबाचे एक साधे हॉटेल होते. राहायची सोय आणि घरचे जेवण. मुदपाक आईच्या हाती. मुलगा मिशेल, जन्म १९४६ चा, तो आईच्याच हाताखाली शिकला. कुठल्या नामांकित आचाऱ्याकडे उमेदवारी नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्या देशात मोठ्या आचाऱ्याच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबल्याशिवाय कुणी स्वयंपाकी म्हणत नसे.

त्यांच्या आईचा हात आलिगोवर चांगला बसलेला. आलिगो म्हणजे काय? बटाटे उकडून घोटायचे, त्यात लोणी-साय आणि ताजे, न मुरलेले चीज घालायचे, लसणाचा वास लावायचा, आणि लाकडी उलथन्याने तळापासून ओढत-ओढत इतके घोटायचे की पातेल्यातून हातभर तार निघावी. पूर्वी यात्रेकरू हे पठार ओलांडून जात, तेव्हा मठातले साधू त्यांना पाव आणि ताजे चीज असेच काहीसे कालवून वाढत, असे सांगतात. बटाटा मागून आला. म्हणजे मुळात हे धर्मशाळेतले जेवण. पुढे हॉटेल मोठे झाले, दूरदूरची पाहुणेमंडळी येऊ लागली, तरी हा आलिगो पंक्तीतून उठला नाही.

आता खरी मजेची गोष्ट. मिशेल यांना धावायचा नाद. पठारावर जून महिन्यात गवतात नाना तऱ्हेची फुले येतात. त्या फुललेल्या कुरणातून धावताना त्यांच्या मनात आले की हे सगळे कुरणच ताटात का मांडू नये? गार्गुयू नावाचा एक गरिबाघरचा पदार्थ त्या बाजूला होता, बटाटे आणि खारवलेल्या मांसाचा. नाव तेच ठेवून त्यांनी त्यातला बटाट्याचा रगडा काढून टाकला आणि ऋतूत मिळतील त्या भाज्या, कोवळी पाने, मुळे, शेंगा, फुले, मोड, अशा पन्नास-साठ जिनसा एका ताटात आणल्या. हे साधारण १९८० च्या सुमाराचे.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठेसे? आमच्याकडे ऋषिपंचमीला हेच करतात. अगदी बरोबर. माझ्याही मनात पहिल्यांदा ऋषीची भाजीच आली. पण आपण सगळे एका पातेल्यात घालून एकत्र शिजवतो, आणि त्या एकत्र शिजण्यातच तिची गोडी. तिथे उलटे आहे. प्रत्येक भाजी वेगळी निवडायची, वेगळी उकडायची, जिचा जेवढा वेळ तेवढाच द्यायचा, आणि शेवटी हाताने एकेक पान, एकेक फूल मांडायचे. ताट रोज वेगळे, कारण बाग आणि बाजार रोज वेगळा. पहाटे उठून भाज्या आणायच्या, आणि मग कित्येक हातांनी सकाळभर फक्त निवडत बसायचे. जेवणाऱ्याच्या पुढ्यात ताट दहा मिनिटे असते. ते दहा हजार रुपये कुठे जातात, याचा थोडा उलगडा इथे होतो. सगळा होत नाही. काही पैसे काचेच्या भिंतींचे आणि खिडकीबाहेरच्या देखाव्याचे असतात, हेही खरेच.

वाढण्याची रीत सांगायला हवी. आपल्या पंगतीत मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, मधे भाताची मूद, असे सगळे पानावर एकदम हजर असते. फ्रान्समध्येही पूर्वी बरेच पदार्थ एकाच वेळी टेबलावर मांडीत आणि निम्मे निवून जात. एकोणिसाव्या शतकात एकामागून एक पदार्थ गरम-गरम आणायची पद्धत आली, तिला ते रशियन पद्धत म्हणतात. ती हॉटेलांतून पक्की रुजवण्यात एस्कॉफिए या आचाऱ्याचा वाटा मोठा. लोहाराचा मुलगा, तेराव्या वर्षी चुलत्याच्या खानावळीत कामाला लागलेला. १८७० च्या लढाईत तो फौजेचा स्वयंपाकी होता, आणि पुढे त्याने हॉटेलातला मुदपाकही पलटणीसारखाच लावला : रश्श्याचा माणूस वेगळा, भाजण्याचा वेगळा, मिठाईचा वेगळा, वर एक सरदार. आरडाओरड आणि कामावर दारू पिणे त्याला खपत नसे. भट्टीपुढे तहान लागते म्हणून तो लोकांना जवाचे पाणी देववी. आजही जगातले मोठे हॉटेल याच घडीवर चालते.

मोठ्या घरी मग प्रत्येक पदार्थाबरोबर सुरी-काटा बदलतात. लायोलच्या या हॉटेलात मात्र एक गंमत ठेवली आहे. पाहुण्याला जी सुरी मिळते ती जेवण संपेपर्यंत तीच. मधे पुसून ठेवायची. त्या मुलखातला शेतकरी आपली सुरी खिशातून काढून जेवतो आणि पुसून पुन्हा खिशात घालतो, त्याची ही रीत.

आणखी एक पदार्थ सांगतो, कारण तो तुमच्यातल्या काहींनी खाल्लेला आहे. विश्वास बसत नाही? तालुक्याच्या गावी पिझ्झ्याच्या दुकानात ‘चोको लाव्हा’ म्हणून एक लहानसा केक मिळतो. वरून भाजलेला, फोडला की आतून पातळ चॉकलेट वाहते. पोरांना फार आवडतो. अशा केकांचा मूळपुरुष मिशेल ब्रास यांनी १९८१ मध्ये केला. थंडीत बाहेर हिंडून गारठून आलेले घरचे लोक गरम चॉकलेट पिऊन ऊब घेत होते, ते पाहून त्यांना सुचले म्हणतात. सुचले खरे, पण जमायला दोन वर्षे लागली. केक भाजायचा आणि आतले भाजू द्यायचे नाही, हे कसे साधावे? त्यांनी आतले चॉकलेट आधी बर्फासारखे गोठवले आणि मोदकात सारण भरावे तसे पिठात दडवून भट्टीत घातले. बाहेरचे भाजून निघेपर्यंत आतले फक्त वितळते. पुढे लोकांनी सोपी युक्ती काढली आणि मधला भाग नुसता अर्धकच्चा ठेवू लागले. आपल्याकडे येतो तो बहुधा हा धाकटा भाऊ.

गावातले हॉटेल अपुरे पडू लागले तेव्हा १९९२ मध्ये कुटुंबाने गावाबाहेर टेकडीवर नवे हॉटेल बांधले. राहायच्या खोल्या आणि मोठी भोजनशाळा. हिवाळ्यात ते बंद असते. आणि १९९९ मध्ये त्याला तिसरा तारा मिळाला.

हा तारा काय आहे? मोटारीचे टायर करणारे मिशेलिन नावाचे दोघे भाऊ होते, आंद्रे आणि एदुआर. यांनी १९०० साली एक पुस्तक काढून फुकट वाटले. त्या वेळी साऱ्या फ्रान्समध्ये तीन हजारही मोटारी नव्हत्या, आणि पुस्तक छापले पस्तीस हजार! हिशेब सरळ होता. लोक हिंडले की टायर झिजणार. म्हणून पुस्तकात दुरुस्ती कुठे, तेल कुठे, मुक्काम कुठे, असे सगळे दिले. पुढे खानावळी दिल्या, १९२६ पासून चांगल्या खानावळीपुढे तारा छापू लागले, आणि काही वर्षांत एक, दोन, तीन अशी पायरी झाली. एक म्हणजे आपल्या वर्गात फार चांगली, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावे अशी, तीन म्हणजे तेवढ्यासाठीच प्रवासाला निघावे अशी. टायरवाल्याने लावलेली मापे आहेत, हे ऐकताच कळते.

हे तारे द्यायला जो माणूस येतो तो नाव सांगत नाही. जेवतो, पैसे मोजून देतो, निघून जातो. आमच्या लहानपणी दिपोटीसाहेब यायचे म्हणजे आठ दिवस आधी वर्दी यायची. शाळा सारवली जायची, नकाशे भिंतीवर चढायचे, हुशार पोरे पुढच्या रांगेत. साहेब शेरेबुकात दोन ओळी लिहून गेले की गुरुजी घाम पुसायचे. आता कल्पना करा, साहेब कोणत्या दिवशी येणार ते ठाऊक नाही, आला तरी ओळखू यायचा नाही. कदाचित आज मागच्या बाकावर बसलेला पालक तोच असेल. आणि शेरा साऱ्या जगात छापला जाणार. खोटेपणाला यात जागा कमी, हे कबूल. पण छातीवरचे ओझे किती!

ते ओझे किती असते, याची एक दुःखाची गोष्ट त्या देशात घडली. बर्नार ल्वाझो नावाचे नामांकित आचारी. सोल्यो गावात त्यांचे हॉटेल, तीन तारे, आणि ते उभारण्यासाठी काढलेले मोठे कर्ज. दुसऱ्या एका पुस्तकाने त्यांचे गुण वीसपैकी एकोणिसावरून सतरावर आणले, आणि तिसरा तारा जाणार अशी कुजबुज वर्तमानपत्रांत झाली. फेब्रुवारी २००३ मध्ये त्यांनी स्वतःचा जीव घेतला. वय बावन्न. तारा गेलेलाच नव्हता. निव्वळ गुणांनी माणूस मरतो असे मी म्हणणार नाही. मनाचा थकवा, कर्ज, काम, सगळे एकत्र आलेले असते. पण दहावी-बारावीचा निकाल लागतो त्या आठवड्यात आपणही धास्तावलेले असतोच की नाही?

लायोलच्या टेकडीवर पुढे मिशेल यांचा मुलगा सेबास्तियां याने कारभार हाती घेतला. सप्टेंबर २०१७ मध्ये त्याने जाहीर केले की पुढच्या पुस्तकात आमचे नाव घालू नका. तीन तारे असताना! त्याचे म्हणणे साधे होते. तपासणारा वर्षातून दोन-तीनदा येतो, केव्हा ते कळत नाही. आमच्या मुदपाकातून दिवसाला पाचशे ताटे बाहेर जातात, आणि त्यांतले कुठलेही एक त्याच्या पुढ्यात असू शकते. हा ताण आता नको, मोकळ्या मनाने रांधायचे आहे. ल्वाझोंची आठवण त्यानेही काढली होती.

घरात काय बोलणे झाले असेल? बापाने आयुष्य घालून मिळवलेले मुलाने परत करायचे. आपल्याकडे बापाने घेतलेली बैलजोडी विकायची तरी पोराला महिनाभर तोंड लपवावे लागते.

२०१८ चे पुस्तक निघाले, त्यात लायोलचे नाव नव्हते. लोक जेवायला येतच राहिले. मग जानेवारी २०१९ मध्ये नवे पुस्तक आले, आणि त्यात न मागता नाव पुन्हा हजर; तारे दोन. सेबास्तियांला आश्चर्य वाटले, तसे त्याने बोलूनही दाखवले. पुस्तकवाल्यांचे म्हणणे असे की आम्ही स्वयंपाक्यासाठी लिहीत नाही, वाचणाऱ्यासाठी लिहितो. तारा हा आचाऱ्याच्या मालकीचा नव्हे. त्यांचेही खोटे म्हणता येत नाही. दोनशे कोस गाडी हाकत जाणाऱ्याला पुढे काय मिळेल हे कुणी तरी सांगायला हवेच. पण माझे मन विचाराल तर ते त्या पोराकडे झुकते.

जाता जाता गुरुजींना एक विनंती. श्रावणात तुमच्या वर्गातल्या मुलांना घरी आजीला विचारायला सांगा, की टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे यांखेरीज आपल्या शिवारात खाण्याजोगे आणखी काय काय उगवते, कोणते कसे निवडायचे, आणि कशाने घसा खाजतो. वहीच्या एका पानावर लिहून घ्या आणि आमच्याकडे पत्राने पाठवा. पाने किती आली आणि कुणाच्या गावात जिनसा किती निघाल्या, ते पुढच्या भाषणात वाचून दाखवू. गुण मात्र देणार नाही.