दिवा लागला म्हणून सेन्सर दोषी ठरत नाही

मोटारीच्या डॅशबोर्डवर पिवळा इंजिनाचा दिवा लागतो, स्कॅनर लावला की ऑक्सिजन सेन्सरशी जोडलेला एखादा कोड येतो आणि लगेच नवा सेन्सर मागवला जातो. चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर. माझं म्हणणं असं की नवशिक्यानेही हा सेन्सर स्वतः जरूर बदलावा, पण तो बिघडला आहे हे सिद्ध केल्यावरच. पाना फिरवणं हा यातला सोपा भाग आहे. आणि प्रश्न केवळ मोटारवाल्यांचा राहिलेला नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, तेव्हापासून आपल्या नेहमीच्या मोटारसायकलींच्या सायलेन्सर पाइपातही हा सेन्सर बसलेला असतो.

बॉश कंपनीने बनवलेला हा सेन्सर १९७६ साली पहिल्यांदा व्होल्वोच्या गाडीत आला. झिर्कोनियाच्या चिनीमातीसारख्या टोपीच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनाचा धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितका विजेचा दाब. धुरात ऑक्सिजन उरला नाही, म्हणजे पेट्रोल जास्त झालं, की साधारण ०.९ व्होल्ट; हवा जास्त झाली की ०.१ च्या आसपास. म्हणजे सेन्सर हा साक्षीदार आहे. पाइपात जे दिसलं ते तो सांगतो. 'मिश्रणात हवा जास्त' असा पी ०१७१ कोड आला, तर हवेच्या रबरी नळीला चीर असेल, इंजेक्टर तुंबला असेल, किंवा सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा जोड फुटून बाहेरची हवा आत ओढली जात असेल. तिन्ही वेळा साक्ष खरी असते आणि शिक्षा साक्षीदाराला होते. उलट पी ०१३५ हा सेन्सरमधल्याच हीटरच्या सर्किटचा कोड आहे. तिथे आधी फ्यूज आणि वायर पाहावी, मग मल्टिमीटर लावावा. हीटरच्या दोन वायरींमध्ये काही ओम रोध दिसायला हवा. वाट तुटलेलीच दिसली तर सेन्सर गेला, वाद संपला.

'ई-२० पेट्रोलने सेन्सर खराब होतात' असं हल्ली ऐकू येतं. इथेही हिशेब पाहावा. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. तितक्याच हवेला इंधन थोडं जास्त द्यावं लागतं. सेन्सर ही उणीव कळवतो आणि संगणक भरून काढतो. जुन्या गाडीत ही दुरुस्ती मर्यादेला टेकली तर दिवा लागेलही, पण नवा सेन्सर तीच तक्रार करील.

कोणी म्हणेल, मिस्त्रीला एवढी तपासणी परवडत नाही, गिऱ्हाईक दारात उभं असतं. रास्त आहे, आणि म्हणूनच ती मालकाने करावी. त्याच्याकडे रविवार असतो. स्कॅनरवर चालू आकडे लावून, गाडी गरम झाल्यावर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरचा व्होल्टेज पाहावा. तो सतत वरखाली व्हायला हवा. एका जागी चिकटला, किंवा ॲक्सिलरेटर झटक्यात दाबून सोडल्यावरही हलला नाही, तर संशय पक्का. (काही नव्या गाड्यांत वेगळ्या जातीचा सेन्सर असतो, तो असा नाचत नाही, आधी गाडीचं मॅन्युअल उघडावं.) दुसरा आक्षेप, नवशिक्याने हात घालू नये. ब्रेकबाबत मी तो मान्य करीन. इथे धोका मुख्यतः भाजण्याचा आणि आटे मारण्याचा.

काम असं: इंजिन बंद करून निवू द्यावं, अगदी थंडगार नको, कोमट असताना आटे सुटतात. गंज असेल तर तो सोडवणारं तेल मारून थांबावं. सेन्सरच्या वायरीचा प्लग काढून बहुतेक २२ चा, वायरीसाठी फट असलेला सॉकेट लावावा. नव्या सेन्सरच्या आट्यांवर लेप दिलेला असतो. वेगळं ग्रीस त्याच्या टोकाला लागलं तर सेन्सर वाया गेला. सिलिकॉनचा सीलंटही जवळ नको. आणि जुना काजळीने किंवा तेलाने माखलेला निघाला, तर इंजिन तेल जाळतं आहे का ते आधी बघावं.

कन्व्हर्टरच्या नंतरचा सेन्सर कन्व्हर्टरवर पहारा ठेवतो. कन्व्हर्टरचा पी ०४२० कोड आला की लोक तोच बदलतात, आणि प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप निकामी झालेला कन्व्हर्टर तसाच राहतो. सेन्सरला फसवणाऱ्या नळ्याही बाजारात मिळतात. त्यांनी दिवा विझतो, धूर नाही. बदललेला जुना सेन्सर मात्र लगेच भंगारात देऊ नये. कोड पुसून गाडी काही दिवस चालवावी, आणि तोच कोड परत आला तर आपलं निदान पुन्हा पहिल्या पायरीपासून तपासावं.